एक तृतीयांश क्रेडिट

पेएट, आयडाहो
८ सप्टेंबर २०१३

प्रिय बेनिताआत्या,

तू पाठवलेले चोरिसो सॉसेज पोचले. तीन दिवस फ्रीज उघडला की घरभर लाल मिरचीचा वास. ऑफिसातही दोन नेले, स्टकीसाहेबांनी एकट्यानेच दीड खाल्ला.

आता खरी बातमी. उन्हाळी वर्गाचा निकाल लागला, मातीकामात पास! माझा वाडगा एका अंगावर कललाय, पण मास्तर म्हणाले, सूप सांडत नाही ना, मग झालं. तर आत्या, संपलं एकदाचं कॉलेज. डिग्रीचे एकशेवीस क्रेडिट होतेच, वर नदीपलीकडच्या कॉलेजात एकतीस मिळवले. अकाउंटंटच्या परवान्याला लागतात दीडशे, माझ्याकडे एकशे एक्कावन्न.

लोकांना सांगितलं तर खोटं वाटतं, पण वरचे तीस कुठल्याही विषयाचे चालतात. म्हणून मी वेल्डिंग शिकले, माती तपासायला शिकले, प्रथमोपचार शिकले. एका वर्गात तर नुसतं चालायचं होतं. चालण्याचेही मार्क मिळतात या देशात! हेच तीस मोठ्या विद्यापीठातून घ्यायचे तर गाडी विकून पायीच फिरावं लागलं असतं.

परीक्षेचे चारही भाग मागेच झालेत, अनुभवाची वर्षंही भरलीत. राहिले आता फक्त कागद. ते १ मेच्या आत परवाना देणाऱ्या बोर्डाकडे गेले पाहिजेत, कारण टॅक्सचा मोसम संपला की स्टकीसाहेब निवृत्त होणार. त्यांनी स्पष्टच सांगितलंय, "इदोया, तुझ्या हातात परवाना असेल तर ऑफिस तुझं. नसेल तर बॉइसीची मंडळी घ्यायला बसलीच आहेत." ती मंडळी पेएटचं दार बंद करून सगळं बॉइसीतून चालवणार. मग आमचे कांदेवाले शेतकरी आणि तुमच्या साल्ट क्रीकची निम्मी माणसं कागदांचे खोके घेऊन कुठे जाणार? आणि मी एकोणचाळिसाव्या वर्षी कोणाच्या दारात उभी राहणार? पण आता ती काळजी मिटली.

तुझं अक्षर हल्ली फार सुबक झालंय गं. म्हातारपणी शाळेत जायला लागलीस की काय?

तुझी,
इदोया


साल्ट क्रीक, ओरेगॉन
१९ सप्टेंबर २०१३

चि. इदोया,

शाबास! मातीकामात पास झालीस ते बरं झालं, स्वयंपाकात कोणी केलं नसतं.

बातमी कळली त्याच दिवशी व्हर्नाच्या दुकानात सगळ्यांना सांगितली. चौघे मुस खेळत बसले होते, पत्ते खाली ठेवून त्यांनी टाळ्या वाजवल्या. आन्सेल्मो म्हणाला, पास्कुआलची पोरगी आता सह्या करणार! तुझा बाप असता तर रडला असता आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणाला असता.

नदी ओलांडून ये, इकडे स्वस्त पडतं, हे तुला कोणी सांगितलं होतं? मी. तीस म्हणजे तीस, अलीकडचे काय नि पलीकडचे काय, हे माझेच शब्द. तेव्हा थोडं श्रेय इकडेही येऊ दे.

आणि फोन करत जाऊ नकोस. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं. लिहिलेलं असलं की परत परत घेऊन बसता येतं. अक्षराचं म्हणशील तर माणूस कधीही सुधारू शकतो.

तुझी आत्या,
बेनिता


पेएट
३ नोव्हेंबर २०१३

प्रिय आत्या,

तू मजेत ना? इकडे थंडी पडायला लागली. कांद्याचे ट्रक कमी झाले, पण रस्त्याच्या कडेला अजून सालं उडतायत. काल वारा होता, आज नाही. उद्या कदाचित पाऊस येईल.

बाकी सगळं ठीक. काम आहे. लवकर लिहीनच.

इदोया


साल्ट क्रीक
१४ नोव्हेंबर २०१३

इदोया,

वारा होता, आज नाही! मला काय हवामान खात्यात नोकरी लागलीय?

तू सात वर्षांची असताना माझी काचेची बरणी फोडलीस आणि स्वयंपाकघरात येऊन म्हणालीस, "आत्या, आज ढग किती छान आहेत." तेव्हाच मी झाडू हातात घेतला होता. आता काय फोडलंयस ते सांग.

बेनिता


पेएट
२४ नोव्हेंबर २०१३

आत्या,

तुझ्यापुढे माझं काही चालत नाही. सांगते.

आपली कागदपत्रं बरोबर आहेत का, हे आधी तपासून घ्यावं म्हणून मी मार्कांचे सगळे उतारे बोर्डाकडे पाठवले होते. ऑक्टोबरच्या शेवटी उत्तर आलं. क्रेडिट एकशे एक्कावन्न नाहीत, एकशेचाळीस आणि दोन तृतीयांश आहेत.

आमच्याकडची कॉलेजं वर्षाचे दोन भाग करतात, नदीपलीकडची तीन. तिकडची तिमाही लहान, म्हणून तिकडचे तीन क्रेडिट म्हणजे इकडचे दोन. माझे एकतीस पूल ओलांडून आले आणि वीस पूर्णांक दोन तृतीयांश झाले. हे लपवलेलं नव्हतं गं. कॉलेजच्या पुस्तकात दुसऱ्याच पानावर ठळक छापलंय. मी लोकांच्या कागदावरचं बारीक अक्षर वाचून पोट भरते, आणि स्वतःचं दुसरं पान वाचलं नाही! त्या दिवशी गाडीत बसून मी तोंडावर हात दाबून रडले.

नऊ आणि एक तृतीयांश कमी पडतायत. हिवाळी वर्गांना जायचं तर ऐन टॅक्सच्या मोसमात आठवड्याला चौदा तास बाहेर. स्टकीसाहेबांना कळल्याशिवाय राहणार नाही. म्हणून मी दुसरा रस्ता काढलाय. घरी अभ्यास करून नुसती परीक्षा देता येते. पास झालं की एका विषयाचे तीन क्रेडिट, आणि फी एका जोडी बुटांएवढी. ते मार्क कॉलेजच्या कागदावर चढवून घेतले की बोर्ड धरतं. चार विषय देते. इतिहास, समाजशास्त्र, मानसशास्त्र, जीवशास्त्र. बारा होतील.

पण आत्या, हे कोणाला म्हणजे कोणालाच सांगू नकोस. स्टकीसाहेबांच्या कानावर तर मुळीच जाता कामा नये. जी बाई स्वतःचे क्रेडिट मोजू शकत नाही तिच्या हाती ते ऑफिस देतील का? शपथ आहे तुला.

इदोया


साल्ट क्रीक
५ डिसेंबर २०१३

चि. इदोया,

पत्र ऐकल्यावर मला माझंच बोलणं आठवलं. अलीकडचे काय नि पलीकडचे काय, असं मीच म्हणाले होते ना! मला काय कळतंय कॉलेजातलं? आठवीनंतर मी मेंढक्यांना जेवायला घातलं आणि त्यांची पत्रं टाकली. मेंढ्या मोजायच्या झाल्या तर पूल ओलांडून त्या कमी होत नाहीत, एवढंच मला माहीत. पण सल्ला दिला मी, आणि भोगतेस तू. वाईट वाटलं गं मला.

आता कान उघडे ठेवून ऐक. चूक झाली त्याचा मला राग नाही. महिनाभर वारा-पाऊस लिहीत बसलीस, त्याचा आहे. स्टकीला जाऊन सांग. तो काही तुला खाणार नाही, त्याचे निम्मे दात खोटे आहेत.

नाही सांगायचं तर निदान अभ्यास तरी कर. जीवशास्त्रात बेडूक येतो का? आला तर मला विचार.

बेनिता


पेएट
२३ मार्च २०१४

प्रिय आत्या,

इतके दिवस लिहिलं नाही, रागावू नकोस. जानेवारीपासून घरी फक्त झोपायला येते. पहाटे चार ते सहा अभ्यास आणि मग ऑफिस. टेबलावर खोक्यांचा डोंगर.

चारांपैकी तीन पेपर निघाले. इतिहासात तर मी मलाच ओळखेना, इतके मार्क! पण परवा जीवशास्त्रात दोन मार्कांनी गेले. तोच पेपर पुन्हा द्यायला सहा महिने थांबावं लागतं. म्हणजे एकशे एकोणपन्नास आणि दोन तृतीयांश. माझं अख्खं आयुष्य एका क्रेडिटच्या एका तृतीयांशावर अडलंय. स्वतःचं हसू येतं.

नवा विषय वाचायला आता वेळ नाही. नदीपलीकडच्या कॉलेजची यादी पालथी घातली. मेच्या आत सुरू होऊन मेच्या आत संपणारा वर्ग एकच आहे. ११, १२, १३ एप्रिल, शुक्रवार ते रविवार. तिकडचा एक क्रेडिट, म्हणजे इकडचे दोन तृतीयांश. पुरून उरतात. आणि विषय काय असेल? मेंढ्या कातरणं!

हस, पोटभर हस. अंगाला लोकरीचा वास येऊ नये म्हणून मी अकाउंटंट व्हायला निघाले होते.

पण टॅक्सची शेवटची तारीख १५ एप्रिल. त्याआधीच्या शुक्रवारी आमच्याकडे कोणी आजीच्या अंत्ययात्रेलाही रजा मागत नाही. खरं कारण सांगितलं तर ऑक्टोबरपासून लपवलेलं सगळं बाहेर येतं. म्हणून मी ठरवलंय, शुक्रवारी सकाळी फोन करून ताप आलाय म्हणून सांगायचं. अकरा वर्षांत एकदाही खोटी रजा घेतली नाही, एक चालेल. चालेल ना?

इदोया


साल्ट क्रीक
२९ मार्च २०१४

इदोया,

नाही चालणार.

हे मी एकदाच लिहिते आणि पुन्हा लिहिणार नाही. तापाचं नाव काढू नकोस. तुझ्या पायांनी जा आणि तुझ्या तोंडाने सांग. ऑफिस गेलं तर जाऊ दे. माझ्याकडे खोली आहे, कोंबड्या आहेत, उपाशी राहणार नाहीस.

मेंढी ढुंगणावर नीट बसवलीस की ती गप्प राहते. गुडघ्यांनी धर, हातांनी नको.

बेनिता


पेएट
१६ एप्रिल २०१४

आत्या,

मोसम संपला. चौदा तास झोपले आणि आता पहिलं काम तुझ्याशी भांडणं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी चिडले होते. तुझ्या कोंबड्यांत राहायला मी इतकी शिकले का, असं पुटपुटत मी ते कपाटावर टाकलं. आठ दिवस काही केलं नाही. गुरुवारी, दहा तारखेला, सगळे गेल्यावर स्टकीसाहेब दिवे मालवायला उठले आणि माझ्या तोंडून एकदम निघालं, "साहेब, माझे क्रेडिट कमी आहेत. मला ऑक्टोबरपासून माहीत आहे. आणि उद्या मी ताप आल्याचं खोटं सांगणार होते."

ते परत खुर्चीत बसले. टेबलावरचं कॅलेंडर त्यांनी माझ्याकडे फिरवलं. ११, १२, १३ या तिन्ही चौकोनांवर पेन्सिलीने लिहिलं होतं, "इदोया मेंढ्यांकडे." आणि माझ्या वाट्याच्या सगळ्या लोकांच्या वेळा त्यांनी स्वतःच्या नावावर घेतल्या होत्या!

मी म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं?"

"जानेवारीपासून. साल्ट क्रीकचा आन्सेल्मो कागद घेऊन आला होता. तुझं जीवशास्त्र कसं चाललंय म्हणून मलाच विचारत होता. गेल्या आठवड्यात पुन्हा आला आणि मेंढ्यांच्या तारखा सांगून गेला."

"मग बोलला का नाहीत?"

ते म्हणाले, "चूक कोणाची होत नाही? माझ्या चुकांना हे कपाट पुरणार नाही. पण मी गेल्यावर लोक इथल्या सहीवर विश्वास ठेवून घरी जाऊन झोपणार. सही करणारी बाई चूक झाकणारी आहे की सांगणारी, तेवढं मला बघायचं होतं. उद्या सकाळी तापाचा फोन आला असता, तर दुपारी मी बॉइसीला फोन लावला असता." मग चष्मा पुसत म्हणाले, "फार वाट बघायला लावलीस, पोरी."

मी लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडले. त्यांनी मला टपालाच्या पाकिटांचा डिंक ओला करायला ठेवलेलं फडकं दिलं, दुसरं काही हाताशी नव्हतं.

मेंढ्यांचं सांगते. सगळ्या वर्गात मीच थोराड, बाकी विशीतली मुलं. पाच मेंढ्या एकटीने कातरल्या की पास. आधी पोटाची लोकर, मग मागचे पाय, मग मान. पहिली मेंढी माझ्या हातून सुटून अर्धी कातरलेली अंगणभर पळाली. तू म्हणालीस तसं गुडघ्यांनी धरल्यावर बाकीच्या गप्प बसल्या. पाचवीला बावीस मिनिटं लागली, डेल मास्तर शेवटी खुर्ची घेऊन बसले. पण पास! कंबर धरलीय, आणि लोकरीच्या तेलाने हात इतके मऊ झालेत की सोमवारी पेन घसरत होतं.

आता मला एवढंच सांग. मी तुला शपथ घातली होती. मग ही गोष्ट आन्सेल्मोला कोणी सांगितली?

इदोया


साल्ट क्रीक
२३ एप्रिल २०१४

चि. इदोया,

मी कोणाला सांगितलं नाही. पण ऐकलं मात्र सगळ्यांनी.

मला दिसत नाही गं. दीड वर्ष झालं, दोन्ही डोळ्यांवर पडदा आलाय. डॉक्टर म्हणतो शस्त्रक्रिया कर, आणि मला सुरीची भीती वाटते. तुला कळवलं असतं तर तू अभ्यास टाकून इथे धावत आली असतीस. म्हणून पत्र आलं की मी व्हर्नाच्या दुकानात जाते, ती वाचते आणि मी सांगेन ते लिहिते. सुबक अक्षर तिचं. दुकानात तेव्हा मुसचा डाव चालू असतो आणि व्हर्नाचा आवाज तुला माहीतच आहे. तुझ्या शपथेचं वाक्य तर तिने सगळ्यांत मोठ्याने वाचलं.

आन्सेल्मो तुझ्या साहेबाकडे बोलून आला हे मला मार्चमध्ये कळलं. लिहून टाकावं असं फार वाटलं. पण मग तू पकडली गेलीस म्हणून सांगितलं असतंस. मला तसं नको होतं. म्हणून जीभ चावून बसले, आणि तुला माहीत आहे मला ते किती जड जातं.

तुला चूक सांग म्हणून दटावलं, आणि स्वतः दीड वर्ष डोळे लपवले. शोभलं नाही मला. जूनमध्ये शस्त्रक्रियेची तारीख घेतलीय. तू ये.

बेनिता

ता. क. मी व्हर्ना. माझा आवाज मोठा नाही, दुकान लहान आहे. जीवशास्त्राच्या वेळी आम्ही सगळ्यांनी तुझ्यासाठी मेणबत्ती लावली होती, तरी नापास झालीस. माझे टॅक्सचे कागद तू ९ तारखेला केलेस त्याबद्दल आभार. या वर्षी फारच कमी भरावा लागला, सगळ्यांना सांगत असते.


पेएट
२५ मे २०१४

प्रिय आत्या,

गुरुवारी बोर्डाचं पाकीट आलं. एकशे पन्नास पूर्णांक एक तृतीयांश! परवाना मिळाला. स्टकीसाहेबांनी बॉइसीला नाही म्हणून कळवलं, किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि मासे धरायला निघून गेले. जाताना कॉफीचं भांडं मात्र घेऊन गेले, म्हणाले हे कधी ऑफिसचं नव्हतंच.

जूनच्या आठवड्याची रजा मी मलाच मंजूर केली. डोळ्यांचं लपवलंस म्हणून तुझ्याशी तिथेच येऊन भांडते. तोवर बिछाना घाल, आणि ती सुरी फार छोटी असते असं डॉक्टर म्हणतात.

आता पुढचं तुझ्यासाठी नाही.

व्हर्नाताई, तुम्ही हे वाचताय, म्हणून तुम्हालाच सांगते. शुक्रवारी मी मोसमातली सगळी रिटर्न्स पुन्हा काढून तपासली. तुमच्या दुकानाचा नवा फ्रीज मी दोनदा वजा केलाय. म्हणून तुमचा टॅक्स कमी आला. तुमची काही चूक नाही, पावती तुम्ही एकच दिली होती. घाई माझी, चूक माझी. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कदाचित कधी आलंही नसतं. दुरुस्तीचा फॉर्म सोबत जोडलाय, खूण केलीय तिथे सही करा. जास्तीचा टॅक्स तुम्हाला भरावा लागेल, दंड आणि व्याज मी भरीन. रागावलात तरी चालेल, रागावण्यासारखंच आहे.

आणि हे हळू वाचू नका. पत्ते खेळणाऱ्यांनाही ऐकू जाऊ द्या.

इदोया लासुएन